मोटारखोलीच्या दारावरचा कोड

पलूसहून आमच्या गावाकडे येताना उसातच एक मोटारखोली लागते. विहिरीच्या काठावर चार भिंती, वर पत्रा, आत मोटारीचा स्टार्टर, दोन पालथ्या बादल्या आणि एक म्हातारी पाल. गेल्या मे महिन्यात या खोलीच्या दाराच्या डावीकडे निळ्या आणि उजवीकडे तांबड्या ऑइलपेंटनं इंग्रजी अक्षरं आणि आकडे रंगवलेले होते. दोन्हीकडे चौसष्ट-चौसष्ट, भिंत अपुरी पडल्यामुळे चार ओळींत मोडलेले. वाटेनं जाणारे गाडी थांबवून बघायचे. कुणी म्हणे, सौर पंपाच्या योजनेचा नंबर आहे. एका पाहुण्यांनी तर कुठल्या तरी बाबाचा मंत्र असेल म्हणून चप्पल काढून हात जोडले.

रंग गावातल्या पेंटरचा होता. अक्कल माझी.

मी पुण्याच्या एका कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहिते, आणि ते साताऱ्याला सासरी, जिन्याखालच्या खोलीत बसून लिहिते. सासूबाई शेजारणींना सांगतात, "ती दिवसभर मोबाईलवर भांडत असते." हे बरंचसं खरं आहे. माझं माहेर म्हणजे ती मोटारखोली, ती विहीर आणि त्या विहिरीवरची तीन घरं. आजोबांनी विहीर एक काढली आणि मुलगे तीन. थोरले तात्या, माझे चुलते, जन्मभर रानात. मधले आबा, माझे वडील, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. धाकटे काका वारले, त्यांच्यामागं काकी एकटी आहे. तिला मूलबाळ नाही.

तात्या आणि आबा एकमेकांशी बोलत नाहीत. माझ्या लग्नाच्या आधीपासून. कारण विचारलं तर दोघंही वेगवेगळं सांगतात, आणि दोन्ही कारणं इतकी क्षुल्लक आहेत की ती लिहायला मलाच लाज वाटते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्याकडे सुंभ केव्हाच जळून गेला, आता निव्वळ पीळ उरला आहे. तरी कामं अडत नाहीत. एकमेकांच्या समोर बसूनसुद्धा ते तिसऱ्या माणसामार्फत बोलतात. तिसरं माणूस नसेल तर म्हशीमार्फत बोलतात. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्या उन्हाळ्यात जुनी मोटार जळाली आणि तिन्ही घरांनी मिळून नवी बसवली. नवी मोटार आली म्हणजे पाण्याच्या पाळ्या पुन्हा ठरवायला हव्यात. जुन्या पाळ्या आजोबांच्या तोंडी होत्या आणि प्रत्येकाला त्या आपल्या सोयीनं आठवत. दोन्ही बाजूंनी मध्यस्थ म्हणून मला बोलावलं. माहेरवाशीण, दोन्ही घरं सारखीच, शिवाय कॉम्प्युटरवाली. मी साताऱ्याहून निघाले तेव्हा माझ्या मनात जरा शांतिदूताचाच भाव होता, हे कबूल करायला हरकत नाही.

बैठक मोटारखोलीसमोर झाली, कारण आबा तात्यांच्या सोप्यात जाणार नाहीत आणि तात्या आबांच्या. थ्री फेज लाईट आमच्याकडे आठवड्यातले चार दिवस दिवसा येते आणि तीन दिवस रात्री. दिवसाचे चार दिवस दोघा भावांनी दोन-दोन घेतले. रात्रीच्या तिनातली एक-एक रात्र त्यांची, आणि उरलेली शनिवारची रात्र काकीची. भावांच्या रात्रीला जायला पोरं आहेत, गडी आहेत. काकीच्या रात्रीला काकी. गुडघे धरलेले, एका हातात बॅटरी, एका हातात काठी, आणि उसात बिबट्या. त्याच महिन्यात त्यानं वस्तीवरची दोन कुत्री नेली होती.

आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "त्यास्नी सांग, काकीला दिवसाचं पानी द्याला पायजे. लय दिस झालं बाई रातचं हिंडतीया."

तात्या तीन हातांवर बसले होते. तेही माझ्याकडे बघून म्हणाले, "त्येला सांग, पायजेच की. त्येच्या दोन दिसांतला येक दे म्हणावं."

"थोरल्यानं आदी द्यावं, मग धाकट्यानं. अशी रीत हाय, म्हणावं."

"थोरल्यानं जलमभर दिलंच की. ह्यो फौजेत हुता तवा ह्येचा ऊस कुनी भिजवला, इचार."

मी एकदा इकडे आणि एकदा तिकडे मान वळवत होते. दोघांनाही काकीबद्दल वाईट वाटत होतं, आणि मनापासून वाटत होतं. फक्त आधी दिलं तर आपण वाकलो असं दुसरा म्हणेल, एवढीच काय ती अडचण. शेवटी काकीनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भावजी. मला सवय हाय."

दोघांनी एकदम सुटकेचा श्वास सोडला. काकीला सवय आहे, हे आमच्या घराण्याचं आवडतं वाक्य आहे. मला त्या दिवशी दोघांचा राग आला आणि मी तो गिळला, कारण शांतिदूतांनी चिडायचं नसतं.

आता एवढं ठरलेलं लिहून ठेवायला एक कागद पुरला असता. पण तात्यांचा मुलगा, माझा धाकटा चुलतभाऊ, पलूसला ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवतो. त्याला कागदांचे सगळे उद्योग माहीत. तो म्हणाला, "अक्का, कागदाचं काय खरं न्हाई. झेरॉक्समधी खाडाखोड करायची, परत झेरॉक्स मारायची. कोन वळकतंय?"

झालं. हे ऐकून माझ्यातली प्रोग्रॅमर जागी झाली, आणि ती जागी झाली की शहाणी बाई झोपी जाते. मी म्हणाले, मी स्क्रिप्ट लिहिते, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम. ठरलेल्या अटी एका छोट्या फाइलमध्ये टाकायच्या. स्क्रिप्ट त्या वाचून वर्षभराचं पाण्याचं कॅलेंडर बनवेल, बेंदराच्या सणाला आणि जत्रेला मोटार बंद धरून. आणि शेवटी त्या कॅलेंडरचा कोड काढेल. आमच्या धंद्यात त्याला चेकसम म्हणतात. फाइलचा अंगठाच समजा. आत एक अक्षर जरी बदललं तरी सगळा अंगठा बदलतो. दोन्ही घरांत तेच स्क्रिप्ट चालवायचं. कोड जुळला की कुणी काही बदललेलं नाही.

"काय बदाललं त्ये सांगतो का त्यो?" तात्यांनी विचारलं.

"नाही. बदललं एवढंच कळतं."

"कुनी बदाललं, काय बदाललं, काय सांगत न्हाई?"

"काहीच नाही, तात्या."

"बरं," तात्या म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले. हा माणूस एवढ्या बारकाईनं ऐकतो आहे याचं मला फार कौतुक वाटलं.

आबांना तर कोड फौजेतल्यासारखाच वाटला. ते उभे राहिले आणि म्हणाले, "मग ऑर्डर ही. कोड जुळंल त्ये खरं. बाकी कुनी काय बी सांगू दे, ऐकायचं न्हाई." दोघा भावांनी विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन, माझ्याकडे बघत, शपथ घेतली. मी अटी टाइप केल्या, मोठ्यानं वाचून दाखवल्या, एक पेनड्राइव्ह चुलतभावाला दिला, एक आबांना, आणि त्याच दुपारी साताऱ्याला परतले. तिथून पुढं उंटावरून शेळ्या हाकायच्या होत्या.

आबांकडे माझा जुना लॅपटॉप आहे. तो इतका दमलेला आहे की त्याच्यावर मी विंडोजच्या जागी हलकं लिनक्स टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच आबांनी स्क्रिप्ट चालवलं, कोड काढला आणि, फौजी माणूस, पेंटरला बोलावून तो मोटारखोलीवर निळ्या रंगात रंगवून घेतला. रेकॉर्ड पक्कं पाहिजे. संध्याकाळी चुलतभाऊ त्या वाटेनं आला, भिंत बघितली, घरी जाऊन आपल्या विंडोजच्या लॅपटॉपवर स्क्रिप्ट चालवलं. कोड निराळाच निघाला. एकही आकडा जागेवर नाही. दुसऱ्या दिवशी दाराच्या उजवीकडे तांबड्या ओळी उमटल्या. पेंटर मात्र खूश होता.

मला फोन आला तेव्हा मी साताऱ्यात एका मीटिंगमध्ये होते. मी माझ्या लॅपटॉपवर, म्हणजे लिनक्सवरच, स्क्रिप्ट चालवून बघितलं. माझा कोड आबांच्या कोडाशी तंतोतंत जुळला. मी तो आनंदानं घरच्या ग्रुपवर टाकला. सरळ हात दाखवून अवलक्षण.

"व्हय की," चुलतभाऊ फोनवर म्हणाला, "बाप-लेकीचं बरं जुळतंय. आमचंच कसं जुळंना?"

त्या क्षणी माझी माहेरवाशिणीची तटस्थता संपली. तिसऱ्या दिवशी आबांनी स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलं. चौथ्या दिवशी चुलतभावानं त्याच्यावर दुसरं घातलं. वर वीज, खाली पाणी, मधे नवी कोरी मोटार, आणि तिच्यावर दोन कुलपं. कोड जुळेपर्यंत पाणी कुणालाच नाही.

कोड का जुळत नाही, ते मला तोवर कळलेलं होतं. खरं तर ते पहिल्याच दिवशी डोक्यात यायला हवं होतं, पण आपलं स्क्रिप्ट कुठंही चालेल असं वाटण्यासाठी जो मूर्खपणा लागतो तो माझ्याकडे भरपूर आहे. ओळ संपली की लिनक्स फाइलमध्ये एक खूण टाकतं. विंडोज दोन टाकतं. जुन्या टाइपरायटरवर ओळ संपली की आधी गाडा मागं ढकलायचा आणि मग कागद वर सरकवायचा, त्या दोन कामांच्या या दोन खुणा. टाइपरायटर गेले, सवय राहिली. डोळ्यांना यातली एकही खूण दिसत नाही. पण अंगठा घेणाऱ्याला दिसते, आणि वर्षभराच्या कॅलेंडरात ओळी किती तरी असतात. म्हणजे स्क्रिप्ट तेच, अटी त्याच, कॅलेंडर वाचायला अगदी तेच, आणि कोड मात्र वेगळा.

हे मी व्हिडिओ कॉलवर दोन्ही घरांना समजावून सांगितलं. एका चौकटीत आबा, एका चौकटीत तात्या आणि चुलतभाऊ. दोन भाऊ इतके जवळ आणि शेजारी बऱ्याच वर्षांत आले नसतील.

"जे दिसत न्हाई त्येचा रिपोर्ट कसा द्याचा?" आबांनी विचारलं.

चुलतभाऊ म्हणाला, "दिसत न्हाई तर हाय कशावरनं, अक्का? आनि मग तुज्याच बापाचा येक आनि आमचं दोन असं का?"

एकट्या तात्यांना पटलं. ते म्हणाले, "बराबर हाय पोरीचं. त्या इंडोजचंच काय तरी हाय. उगं येकमेकावर आळ घेऊ नगा रं." सातवी शिकलेल्या माणसाला लाइन एंडिंग समजावता आलं म्हणून मी त्या दिवशी नवऱ्यासमोर बराच वेळ मिरवले.

मग मी स्क्रिप्ट दुरुस्त केलं. कुठल्याही मशिनवर ओळीला एकच खूण पडेल असं केलं. नवऱ्याच्या ऑफिसचा विंडोजचा लॅपटॉप दोन तास मागून घेतला आणि त्याच्यावर चालवून बघितलं. कोड माझ्याशी जुळला. नवं स्क्रिप्ट दोन्ही घरांना पाठवलं आणि निवांत चहा केला. चहा संपायच्या आत चुलतभावाचा मेसेज आला. त्यात कोड होता, आणि तो जुळत नव्हता.

नंतरचे दोन दिवस मी जे काही केलं त्याला आमच्याकडे साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात. फाँट बघितले, तारखा बघितल्या, घड्याळ बघितलं. जगातल्या यच्चयावत ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांना मी मनात शिव्या दिल्या. गावाकडून येणारा प्रत्येक फोन "जुळलं का?" असाच सुरू व्हायचा, जशी काही मी एखाद्या थोराड मुलीची पत्रिका घेऊन हिंडत होते. काकीचा फोन तेवढा वेगळा होता. ती कधी फोन करत नाही. म्हणाली, "पोरी, तुजं काम सवडीनं कर. निस्तं सांगते, हळदीनं माना टाकल्यात." हळद तिची एवढीच, अर्ध्या एकरात, नुकतीच लावलेली. आबांच्या आणि तात्यांच्या उसाला चार दिवस उशीर चालतो. हळदीला नाही. मी फोन ठेवला आणि मला खूप लाज वाटली. रविवारी सकाळीच गाडी काढली.

उंब्रजला चहाला थांबले, तेव्हाही डोक्यात तेच. आबांचा लॅपटॉप, माझा, नवऱ्याचा, तिन्ही जुळतात. तात्यांचाच नाही. मशिन वेगळी असण्याचं कारण तर मी काढून टाकलं होतं. मग उरतं काय? हा प्रश्न एखाद्या नवशिक्यालाही सुटला असता. मला सुटला नाही, कारण मी सहा दिवस सगळ्यांना ओरडून सांगत होते की कुणीही काहीही बदललेलं नाही.

तात्यांच्या घरी पोचले तेव्हा चुलतभाऊ दुकानावर होता. सोप्यात तात्या एकटेच. मी चुलतभावाचा लॅपटॉप उघडला तसे ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. आदी च्या घे. उन्हाची आलीयास."

"आधी हे बघते, तात्या."

"डोळं खराब हुत्यात त्येनं."

मी कॅलेंडर उघडलंच नाही. मी अटींची फाइल उघडली, माझ्या मोबाईलवरच्या फाइलशेजारी धरली आणि एकेक ओळ बघत गेले. दोन शब्द वेगळे होते. म्हणजे बदललं होतं. म्हणजे खरंच कुणीतरी बदललं होतं, आणि सहा दिवस मी बिचाऱ्या विंडोजला बडवत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काकीच्या हक्काच्या एका रात्रीवरसुद्धा यांचा डोळा! मी शब्द पुन्हा वाचले. मग अजून एकदा वाचले, कारण चोरी उलट्या बाजूनं झालेली होती.

काकीच्या पुढं बुधवार लिहिलेला होता, दिवसाचा. तात्यांच्या पुढं बुधवार नव्हता. तिथं शनिवारची रात्र होती.

मी तात्यांकडे बघितलं. ते अंगणातल्या कोंबडीकडे बघत होते.

"तात्या, हे तुम्ही केलं?"

"मला कुटं येतंय त्यातलं," ते म्हणाले. मग कोंबडीकडेच बघत म्हणाले, "दोन सबूद तर हुतं. मोबाईलवर टायपतो तसंच हाय त्ये."

"अहो, मग बैठकीतच का नाही म्हणालात?"

"त्येच्यापुढं?" तात्यांनी आता माझ्याकडे बघितलं. "त्यो म्हनला असता, शेवटी वाकला म्हातारा. गावभर म्हनला असता."

"मग फाइल कशाला बदलायची? बुधवार तुमचाच. बुधवारी काकीला गुपचूप पाणी सोडायचं."

"मी हाय तवर सोडीन की. माज्यामागं? पोरं कागद बगत्यात, पोरी. कागदात काकीचा बुधवार आसला तरच तिला मिळायचा." त्यांनी तंबाखूची पिशवी उघडली आणि तशीच बंद केली. "तूच म्हनलीस न्हवं, काय बदाललं त्ये त्यो सांगत न्हाई. म्हनलं, हुईल चार दिस गडबड, मग मशिनवर जाईल. कुलपं घालतील आसं न्हवतं वाटलं. हळद वाळली तिची."

माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत. ज्या कोडाला मी अंगठा म्हणत होते त्यानं आमच्या भावकीतला एकुलता एक चोर पकडला होता. तो स्वतःचं पाणी चोरून दुसऱ्याच्या रानात सोडत होता.

आता नियम साधा होता, आणि तो मीच केलेला होता. मूळ फाइल माझ्याकडे. मूळ तेच खरं. तात्यांची फाइल पुसायची, माझी टाकायची, कोड जुळतो, कुलपं निघतात, आणि काकी शनिवारी रात्री बॅटरी घेऊन उसात जाते. प्रामाणिकपणाचा विजय.

मी पेनड्राइव्ह काढला आणि तात्यांची फाइल त्याच्यावर घेतली. माझ्या लॅपटॉपवर तीच टाकली. माझ्या नोकरीत असल्या कामाला जे नाव आहे, त्याच्यासाठी माणसाला त्याच दिवशी घरी बसवतात. तात्या बघत होते. त्यांनी फक्त चहाचं पुन्हा विचारलं. मी चहा घेतला. मग आबांच्या घरी गेले, ते अंघोळीला गेलेले होते, त्यांच्या लॅपटॉपवरही तीच फाइल टाकली.

दुपारी सगळ्यांना मोटारखोलीपाशी बोलावलं. चुलतभावाला दुकान बंद करून यायला लावलं. दोन्ही लॅपटॉप पालथ्या बादल्यांवर मांडले आणि अत्यंत गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "दोन्हीकडच्या ऑपरेटिंग सिस्टिममुळं घोळ झाला होता. मी आता दोन्हीकडं सगळं ताजं टाकलंय." आयुष्यात तांत्रिक अडचण सांगून इतकं समाधान मला कधी मिळालेलं नाही.

स्क्रिप्ट चालवलं. माझ्या लॅपटॉपवरची चौसष्ट अक्षरं मी एकेक करून मोठ्यानं वाचली. आबा आपल्या पडद्यावर बोट ठेवून तपासत होते, चुलतभाऊ आपल्या. शेवटचं अक्षर आलं आणि दोघांनीही बोट उचललं. सगळं जुळलं होतं. या सगळ्या प्रकरणात दोन्ही घरांचा कोड पहिल्यांदाच जुळला, आणि ठरलं होतं ते कुठल्याच फाइलमध्ये नसण्याचीही तीच पहिली वेळ होती. चुलतभावानं आपलं कुलूप काढलं, आबांनी आपलं. आत काय लिहिलंय हे बघायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. सहा दिवस ज्या कॅलेंडरवरून माणसं एकमेकांच्या जिवावर उठली होती, ते त्यातल्या कुणीही अजून उघडलेलं नव्हतं.

मी मनात म्हटलं, सुटले. तेवढ्यात मागं बांधावर बसलेली काकी म्हणाली, "मग माजं पानी कवा?"

आता वाचणं आलं. "बुधवारी," मी म्हणाले. "दिवसा."

चुलतभावानं मान वर केली. "बुधवार? आगं अक्का, बैठकीत तर शनवारची रात ठरल्याली. बुधवार तात्यांचा."

मी आबांकडे बघायचं टाळत होते, म्हणून मी त्यांच्याकडेच बघितलं. आबांनी लॅपटॉप जवळ ओढला, कॅलेंडर उघडलं, चष्मा लावला आणि खालपर्यंत वाचलं. मग चष्म्यावरून तात्यांकडे बघितलं. तात्या विहिरीत वाकून पाणी किती आहे ते बघत होते, जसं काही ती विहीर त्यांनी आजच पाहिली होती.

"कोड जुळलाय न्हवं?" आबांनी चुलतभावाला विचारलं.

"जुळलाय, पन..."

"मग ऑर्डर काय हुती? कोड जुळंल त्ये खरं. बाकी कुनाचं ऐकायचं न्हाई." आबांनी लॅपटॉप मिटला. मग ते वळले, आणि मधे मी होते, चुलतभाऊ होता, काकी होती, पण त्यांनी कुणालाच सांगायला सांगितलं नाही. विहिरीकडे तोंड करून ते म्हणाले, "तात्या, उन्हात उबं ऱ्हाऊ नगा. या हिकडं, मोटार तुमी सुरू करा."

तात्या आले. हात धोतराला पुसला आणि बटण दाबलं. पहिलं पाणी सगळ्यांच्या संमतीनं काकीच्या हळदीला गेलं.

पेंटरनं दोन्ही कोड पांढऱ्या रंगानं पुसून दारावर एकच नवा लिहिला आहे. मी बुधवारपर्यंत तिथंच राहिले, साताऱ्याला कामाचं खोटं कारण सांगून. त्या आठवड्यात खोटं बोलायला माझी जीभ सरावलेलीच होती. बुधवारी भर दुपारी मी मोटारखोलीच्या सावलीत बसले होते. काकी बांधावरून येताना दिसली. डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून पदर कपाळावर ओढलेला, एका हातात काठी. दुसऱ्या हातात बॅटरी होती, आणि ती लावलेली होती.